बोटं बधिर होतात तेव्हा: कोणतं बोट, केव्हापासून, आणि दवाखाना कधी गाठायचा

प्रश्न असा आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या निपाणीजवळच्या गावातल्या एक आई, वय ४८, तरुणपणापासून विड्या वळतात. वर्षभर उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या येत होत्या. रात्री दोन-तीन वाजता जाग यायची, हात झटकला की बरं वाटायचं. मेडिकलमधून नसांच्या गोळ्या आणून तीन महिने घेतल्या. आता मुंग्या कमी झाल्यात, पण बोटं दिवसभर बधिर असतात आणि विडी बांधताना दोरा हातातून सुटतो. मुलीने विचारलंय, गोळ्या चालू ठेवायच्या की डॉक्टरांना दाखवायचं, आणि दाखवायचं तर कधी?

दाखवायचं, आणि याच आठवड्यात. मुंग्या कमी झाल्या म्हणून गोळ्या लागू पडल्या असं धरू नका. नस दबली की आधी ती ओरडते: मुंग्या, झिणझिण्या, जळजळ. दाब तसाच राहिला की तिचे तंतू मरू लागतात आणि ओरडणं थांबतं. मुंग्या गेल्या आणि बोटाला पुन्हा सगळं कळू लागलं, तर सुधारणा झाली. मुंग्या गेल्या आणि बोट बधिरच राहिलं, तर दुखणं पुढच्या पायरीवर गेलं. तुमच्या आईंचं दुसऱ्या प्रकारातलं आहे, आणि दोरा सुटतो याचा अर्थ नुसता स्पर्शच नाही, बहुतेक पकडही कमी होते आहे.

आईंच्या हाताकडे वळण्याआधी, ज्यात आठवडा काय, तासभरही थांबायचं नाही त्या गोष्टी सांगून टाकायला हव्यात.

हात एकाएकी, काही मिनिटांत बधिर झाला, सोबत त्याच बाजूचा पाय जड, तोंड वाकडं, जीभ अडखळते, किंवा बोटांबरोबर त्याच बाजूच्या ओठाचा कोपरा बधिर, तर ते दुखणं मेंदूचं, म्हणजे पक्षाघाताचं, समजायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तिथून मोजतात. झोपेतून उठताना लक्षात आलं असेल तर रात्री किती वाजता झोपले ते सांगा. १०८ ला फोन करा. सीमेवरच्या गावात मोबाईल कोणत्या राज्याच्या टॉवरला लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून आधी गाव, तालुका आणि राज्य सांगा, मग आजार. सीटी स्कॅन जिथे चोवीस तास होतो अशाच ठिकाणी न्यायचं. वाटेत पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. ॲस्पिरिनही देऊ नका, कारण आत रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही. दहा मिनिटांत सगळं आपोआप ठीक झालं तरी त्याच दिवशी जायचं. मोठ्या झटक्याआधीची ती सूचना असू शकते.

डाव्या हाताच्या बधिरपणाबरोबर छातीत दाब, घाम, मळमळ असेल तर हृदयाची तपासणी लगेच. हात अचानक गार, पांढरा पडला, खूप दुखतो आणि नाडी लागत नाही, तर रक्तवाहिनी बंद झाली आहे, सहा तासांच्या आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोचायला हवं. दोन्ही पायांतून सुरू होऊन दोन-चार दिवसांत वर चढत जाणारा बधिरपणा आणि अशक्तपणा, मग हात, मग गिळायला किंवा श्वासाला त्रास, यातही थांबायचं नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात फार घडते, ती नीट वाचा. हात मोडल्यावर प्लास्टर घातलं, किंवा गावठी हाडवैद्याने बांबूच्या पट्ट्या आवळून बांधल्या, आणि नंतर बोटं बधिर पडू लागली, सुजली, निळसर झाली, वेदना कमी व्हायच्या ऐवजी वाढू लागल्या, तर पट्टी सैल करायला सकाळची वाट बघायची नाही. घरच्या घरी एक खूण बघता येते: दुसऱ्या माणसाने बोट हलकेच सरळ केलं की कोपराखालच्या स्नायूंत जीवघेणी कळ येते. आत दाब वाढून रक्त पोचत नाही, आणि साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतात. नुसता वरचा थर नाही, आतला कापूससुद्धा पूर्ण कापून मोकळा करावा लागतो. झाडावरून पडून कोपराजवळ हाड मोडलेली मुलं यात जास्त सापडतात, आणि वेळ गेला तर हात जन्मभर आखडलेला राहतो.

आता बोटांचा नकाशा. 'हात बधिर होतो' एवढ्यावर डॉक्टरलाही काही कळत नाही. कोणतं बोट, हाच अर्धा निदानाचा भाग.

हाताला तीन नसा स्पर्श पुरवतात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडचा अर्धा भाग मधल्या नसेचा. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग करंगळीकडच्या नसेचा. पंजाच्या मागची, अंगठ्याच्या मुळाशी असलेली कातडी तिसरीची. म्हणजे अनामिकेला दोन मालक आहेत, आणि म्हणूनच परीक्षा या बोटावर घ्यायची. देवघरातल्या फुलवातीचं टोक ओढून बारीक करा. आईंना डोळे मिटायला सांगा, तळहात वर. प्रत्येक बोटाच्या टोकाला वात नुसती टेकवा, घासू नका, आणि 'लागलं का?' असं न विचारता 'लागलं की सांग' असं सांगा. मधूनमधून न टेकवता थांबा, म्हणजे अंदाजाने दिलेली उत्तरं उघडी पडतील. अनामिकेच्या दोन्ही कडांना वेगवेगळं टेकवा. अंगठ्याकडची कड बधिर आणि करंगळीकडची जागी असेल, तर दोष जवळजवळ नक्की मधल्या नसेत, आणि बहुतेक वेळा मनगटात. पूर्ण अनामिका, करंगळी आणि कोपराखालची आतली बाजूही बधिर असेल, तर दोष वर मानेकडे शोधायचा.

पुष्कळजण 'पाचही बोटं' सांगतात. मुद्दाम करंगळीबद्दल विचारलं की थांबून म्हणतात, 'नाही, ती ठीक आहे.' म्हणून करंगळीचा प्रश्न वेगळा विचारा.

आईंच्या बाबतीत अंगठा, तर्जनी, मधलं बोट, रात्रीची जाग, झटकल्यावर बरं वाटणं, हे सगळं मनगटाकडे बोट दाखवतं. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांची एक खोबण आहे आणि वरून जाड पट्ट्याचं झाकण. त्या चिंचोळ्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि सोबत ही एक नस. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. दोऱ्यांभोवतीचं आवरण थोडं जरी सुजलं तरी हाडं सरकत नाहीत, झाकण ताणत नाही, चेपली जाते ती नस. झोपेत मनगट दुमडलं जातं आणि हालचाल थांबल्याने पाणी साचतं, म्हणून त्रास रात्री. हात झटकला की मनगट सरळ होतं आणि आतला दाब थोडा उतरतो.

विडीच्या कामात हाताला काय होतं ते जवळून बघा. सूप मांडीवर, म्हणजे हातांपेक्षा खाली, त्यामुळे दोन्ही मनगटं तासन्‌तास आत वळलेली. पान कातरताना अंगठ्यावर कात्रीचा भार. तंबाखू भरून पान वळताना अंगठ्याचं आणि तर्जनीचं टोक एकमेकांवर दाबलेलं, मग टोक दुमडताना पुन्हा दाब, दोरा आवळताना पुन्हा. मजुरी हजार विड्यांवर, म्हणजे हा चिमटा दिवसात काही हजार वेळा. वाकलेल्या मनगटात चिमटीचा जोर लावणं हीच त्या बोगद्यातला दाब वाढवण्याची रीत. बेळगावात शहापूर-वडगावच्या मागांवर तुटलेले धागे सांधणं आणि कांडी भरणं, खानापूरकडे भाताची लावण, खुरप्याने भांगलण, दोन वेळची धार, भाकरी थापणं, या सगळ्यांत तोच प्रकार वेगवेगळ्या मापाने आहे.

पण सगळा दोष कामावर टाकू नका. याच वयात थायरॉईड मंदावतं, साखर वाढते, सांध्यांचा आमवात सुरू होतो, आणि तिन्हींत हा बोगदा भरून येतो. दोन्ही हातांना त्रास असेल तर हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत हेच होतं, आणि बहुतेकींचं बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ते ओसरतं. तोवर घट्ट बांगड्या काढून ठेवाव्यात आणि रात्री मनगटाला आधार द्यावा.

घरी दोन गोष्टी तपासता येतील. दोन्ही पंजांच्या पाठी एकमेकांना टेकवून बोटं जमिनीकडे करा, कोपर फार न दुमडता, आणि पूर्ण एक मिनिट तसेच ठेवा. अंगठा-तर्जनी-मधल्या बोटात मुंग्या आल्या किंवा बधिरपणा वाढला तर संशय बळावतो. काही झालं नाही म्हणून मात्र आजार नाही असं होत नाही. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची: दोन्ही तळहात शेजारी ठेवून खिडकीच्या तिरप्या उजेडात अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा बघा. दुखऱ्या हाताचा उंचवटा सपाट झाला आहे, तिथे खळगा दिसतो आहे का? मग पंजा उताणा टेबलावर ठेवून अंगठा छताकडे उभा करायला सांगा आणि तो आपल्या एका बोटाने खाली दाबा. चांगला अंगठा सहज दबत नाही. दबला, किंवा उंचवटा सपाट दिसला, तर पट्टा-गोळ्या-मलम यांत महिने घालवायचे नाहीत. हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा प्लास्टिक सर्जनना थेट दाखवा.

इतकी घाई का, तर नस पुन्हा वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोचायला पाच-सहा महिने, कोपरापासून पंजाच्या स्नायूंपर्यंत दहा-बारा महिने. आणि ज्या स्नायूला दीड वर्षाच्या आत नस मिळाली नाही तो पुन्हा कामाचा होईल ही आशा फार थोडी. उशीर झालेल्या हाताची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही बधिरपणा उरतो तो यामुळे.

उंचवटा शाबूत असेल तर पहिला उपाय रात्रीचा पट्टा. मेडिकलमध्ये 'रिस्ट स्प्लिंट' मागितलं की बहुधा मनगट वर उचलणारा मिळतो. कार्पल टनेलमध्ये मनगट अगदी सरळ, ना वर ना खाली, हवं. पट्ट्यातली ॲल्युमिनियमची पट्टी बाहेर काढून मांडीवर दाबून सपाट करा आणि परत घाला. बोटांच्या मुळांवर पट्टा येऊ नये, मूठ पूर्ण मिटता आली पाहिजे. इतका घट्ट नको की सकाळी कातडीवर वळ उमटतील. रोज रात्री, निदान सहा आठवडे. चार दिवस घालून 'फरक नाही' म्हणून काढू नका. दिवसा काम करताना पट्टा घालू नये, त्याच्याशी झगडत हात जास्त जोर लावतो.

कामात बदल करायचा तो असा: सूप मांडीवरून उचलून पाट किंवा उशीवर कोपराच्या उंचीला आणा, म्हणजे मनगट सरळ राहील. पान आधी नीट भिजवा, कोरडं पान वळायला जोर लागतो. कात्रीला धार लावून घ्या. तासाला पाच मिनिटं हात खाली मोकळे सोडून बोटं उघड-मीट. हजाराचा हिशेब एका बैठकीत पुरा करण्याऐवजी दोन बैठकांत वाटा. मजुरीचं गणित घट्ट असतं, काम सोडा असा सल्ला देणं सोपं आणि पाळणं अशक्य. म्हणून हे लहान बदलच आग्रहाने करा.

पट्ट्याने भागलं नाही तर बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात. कित्येकांना काही महिने चांगला आराम पडतो, बऱ्याच जणांना त्रास परत येतो. साखर असलेल्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती मोजत राहा. त्यापुढे शस्त्रक्रिया: हात तेवढाच बधिर करून, तळहातावर लहान चीर घेऊन ते झाकण कापतात. काम वीस-तीस मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. टाके दहा ते चौदा दिवसांनी. रात्रीच्या मुंग्या बहुधा पहिल्या आठवड्यातच जातात, पण तळहाताच्या मुळाशी दाबल्यावर दुखणं दोन-तीन महिने राहतं आणि पकडीचा जोरही तेवढ्याच काळात परत येतो. भात लावणीच्या किंवा गळीत हंगामाच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठेवू नका.

आता त्या गोळ्या. नसांच्या गोळ्या म्हणून काउंटरवर मिळतात त्यांत बहुतेक बी-ट्वेल्व आणि सोबत प्रीगाबालिन किंवा गाबापेंटिन असतं. हे दुसरं औषध मुंग्या झाकतं, मनगटातला दाब कमी करत नाही. त्याने झोप आणि चक्कर येते, रात्री लघवीला उठताना पडणारे यात असतात. खूप दिवस घेतलं असेल तर एकदम बंद न करता डॉक्टरांकडून उतरत्या मात्रेने थांबवा. आणि काही गोळ्यांत बी-सिक्स जास्त मात्रेत असतं. ते महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच हातापायांच्या नसा बिघडतात. ज्या बधिरपणासाठी गोळी घेतली तोच बधिरपणा गोळी वाढवते, म्हणून डॉक्टरकडे जाताना त्या पाकिटांच्या पट्ट्या सोबत न्या.

बी-ट्वेल्वची खरी कमतरता मात्र आपल्याकडे दुर्लक्ष करण्याजोगी नाही. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं, आणि या भागात जैन, लिंगायत आणि इतरही कितीतरी घरं पूर्ण शाकाहारी आहेत. दूध-दही कमी घेणारी, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या खाणारी माणसं यात येतात. त्यांचा बधिरपणा एका हाताचा नसतो. दोन्ही पाय, मग दोन्ही हात, अंधारात किंवा डोळ्यांवर साबण असताना तोल जाणं, जीभ गुळगुळीत, थकवा. रक्तात २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता नक्की, २०० ते ३०० मध्ये असेल तर लक्षणं बघून ठरवतात. रक्त आधी तपासायला द्या, इंजेक्शन नंतर घ्या; उलट केलं तर आकडा फुगतो आणि खरं काय ते कळत नाही. बी-ट्वेल्व न बघता नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहणं धोक्याचं, रक्त सुधारतं आणि नसा बिघडत राहतात.

मधुमेहाचा बधिरपणाही पायांपासून चढतो. पायमोज्यासारखा गुडघ्याच्या आसपास पोचला की साधारण तेव्हा बोटांची टोकं सुरू होतात. पाय ठीक आणि फक्त बोटं बधिर, असं असेल तर मधुमेह असूनही मनगट तपासायला सांगा, 'शुगरमुळे आहे' एवढ्यावर परत येऊ नका. टीबीच्या औषधांत आयसोनियाझिड असतं, त्यासोबत बी-सिक्सची छोटी गोळी देतात, ती वगळू नका. दारू रोजची असेल तर ती लपवू नका. आणि अथणीकडच्या द्राक्षबागांत किंवा उसावर ऑर्गेनोफॉस्फेट गटातलं औषध मारताना विषबाधा झाली असेल, तर बरं होऊन घरी आल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या आणि अशक्तपणा सुरू होऊ शकतो. त्या वेळी बाटलीचं लेबल सोबत न्या.

करंगळीचं प्रकरण वेगळं. कोपर आपटल्यावर करंट लागतो ना, तिथून तिची नस जाते. कोपर दुमडून तासभर फोन कानाला, दुकानाच्या काउंटरवर किंवा ट्रकच्या खिडकीवर कोपर टेकवून बसणं, झोपेत हात डोक्याखाली, यांनी ती ताणली-दबली जाते. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून चिकटपट्टी लावा, म्हणजे कोपर पूर्ण दुमडणार नाही. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद पकडायला सांगून ओढा. कागद टिकवण्यासाठी अंगठ्याचं पेर वाकत असेल, किंवा पंजाच्या मागे अंगठा-तर्जनीमधला गाळा खोल गेला असेल, तर तातडीने दाखवा.

करंगळी बधिर आणि कोपरामागची नस दोरीसारखी जाड, हाताला लागते, किंवा अंगावर कुठेही फिकट-लालसर चट्टा, ज्याला खाज नाही, घाम नाही, टोचलेलं कळत नाही, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, पण नवे रुग्ण अजून सापडतात. १९८२ पासून वापरात असलेल्या बहुऔषध उपचाराने तो पूर्ण बरा होतो, सहा किंवा बारा महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. औषध सुरू झाल्यावर रुग्णाकडून दुसऱ्यांना होण्याची भीती उरत नाही. उशीर केला तर बोटं वाकतात, आणि बधिर बोटाला चुलीचा चटका बसलेला कळतही नाही. औषध चालू असताना नस एकदम दुखू लागली किंवा हात लुळा पडू लागला तर दोन-तीन दिवसांत परत दाखवा, तेव्हा वेगळं औषध लागतं. गावात कळेल या भीतीने लांबवलेल्या महिन्यांनी माणसांचे हात गेले आहेत.

मानेतून येणारा त्रास मान मागे-बाजूला वळवली की हातात उतरतो. अंगठा-तर्जनी बधिर असूनही रात्री झटकून बरं वाटत नाही, उलट हात डोक्यावर ठेवला की वाटतं. बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत बरं होतं. काळजीचं चित्र दुसरंच: दोन्ही हात अनाडी होणं. गुंडी लागत नाही, तांदळातला खडा चिमटीत येत नाही, चालताना पाय अडखळतात, लघवीला थांबता येत नाही. दुखत नाही म्हणून हे वयावर टाकलं जातं. इथे मज्जारज्जू दबलेला असू शकतो. मानेचा एमआरआय याच आठवड्यात. आणि सलूनमध्ये मानेला झटका देऊन कटकट आवाज काढून घेणं कायमचं बंद करा, मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झालेले रुग्ण असतात. मनगटावर डाग देऊन घेणं, बधिर हाताला गरम पिशवीने शेकणं, हेही नको; जळालेलं कळत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत ग्राइंडर चालवणाऱ्यांसाठी थोडं. थंडीत बोटांची टोकं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो कंपनाचा परिणाम आहे. झिजलेलं, तोल गेलेलं चाक बदलून घ्या, मशीन गरजेपेक्षा घट्ट आवळू नका, हात गरम ठेवा, बिडी-सिगारेट सोडा. पांढरेपणा वाढत असेल तर काम बदलावंच लागतं, कारण उशिराचा बधिरपणा परत जात नाही.

आईंसाठी आता क्रम असा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या रुग्णालयात साखर आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉईडसाठी), हिमोग्लोबिन, बी-ट्वेल्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). मनगटाच्या या त्रासाला सुरुवातीलाच एमआरआय लागत नाही. नसांची विजेची तपासणी, म्हणजे एनसीएस, शस्त्रक्रियेआधी करून घ्यावी. त्या दिवशी हाताला तेल-मलम लावू नका आणि हात गरम ठेवा, गार हातात नसेचा वेग खोटा मंद दिसतो. पेसमेकर असेल तर आधी सांगा. तपासणी ठीक आली तरी सुरुवातीचा आजार त्यात सुटू शकतो. निपाणीहून कोल्हापूर जवळ, अथणी-कागवाडहून मिरज, खानापूरहून बेळगाव. सरकारी उपचारासाठी बेळगावला बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक कार्ड असेल तर सीमेपलीकडे जाण्याआधी ते तिथे या शस्त्रक्रियेला चालतं का, आणि सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते का, हे फोन करून विचारा.

जाताना एका कागदावर आईंचा पंजा ठेवून पेन्सिलीने कडा काढा. जिथे मुंग्या येतात तिथे ठिपके, जिथे स्पर्शच कळत नाही तिथे आडव्या रेघा. खाली केव्हापासून, रात्री किती वेळा जाग येते, कोणती कामं जमत नाहीत, कोणत्या गोळ्या. डॉक्टर कन्नड बोलणारे असतील तर मुंग्यांना 'जोमु' म्हणा आणि बधिरपणाला 'मरगट्टु'. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला तर ठिपके आणि रेघांतला फरक कागदावरच राहील, म्हणून आईंना विचारून घ्या: पूर्वी जोमु होतं, ते आता मरगट्टु झालं आहे का, आणि कोणत्या महिन्यापासून.